ठाण्याला उतरणारे बुवा

कोपर म्हटलं की बाहेरचा माणूस कोपरखैरणे समजतो आणि नवी मुंबईच्या गाडीत जाऊन बसतो. आपलं कोपर दिवा आणि डोंबिवली यांच्या मधलं. खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वरून आडवा गेलेला वसई-दिवा मार्ग, पश्चिमेला जुनं गाव आणि त्यापलीकडे खाडी. फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून कोपरचा माणूस स्लोचा माणूस. स्लो गाडीला मस्जिदपर्यंत सव्वा तास सहज लागतो आणि तेवढ्या वेळात भजनाचा सगळा क्रम नीट बसतो. दिव्यापर्यंत नमन, मुंब्रा-कळव्याला रूपाचे अभंग, भांडुप-विक्रोळीला गौळण, दादरच्या आत भैरवी.

अशाच एका डब्यातल्या मंडळाचे हे बुवा. खरं नाव अर्ध्या डब्याला ठाऊक नव्हतं. मस्जिद बंदरला सुक्या मेव्याच्या एका पेढीवर हिशेब लिहायचे, वय एकोणसाठ, आणि आवाज असा की मुंब्र्याच्या बोगद्याजवळ गाडीचा खडखडाट वाढला तरी शब्द ऐकू यायचा. मंडळी कल्याणला गाडीत चढत आणि खिडकीची एक जागा रुमाल टाकून ठेवत. कोपरला ती बुवांना मिळे. भर गर्दीतही त्या जागेवर कुणी हक्क सांगत नसे.

२०१९ च्या पावसाळ्यात बुवा ठाण्याला उतरू लागले.

पहिल्या दिवशी म्हणाले, “एक काम आहे.” दुसऱ्या दिवशीही काम होतं. पुढे ते काही सांगेनासेच झाले. कळवा गेलं की टाळ खाली ठेवायचे, चपला चाचपायच्या आणि ठाणं येताच गर्दीतून वाट काढत उतरायचं. गौळण पोरकी झाली. ती म्हणायला दुसरा एक जण पुढे झाला, पण त्याचा सूर विक्रोळीपर्यंत टिकत नसे.

मंडळात कुजबुज सुरू झाली. ठाण्याला बुवांचं काय असेल? कुणी म्हणालं, दुसरी नोकरी. एकाने डोळा मारून वेगळंच सुचवलं, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. पण ज्या शंकेने मंडळी खरी दुखावली ती अशी: बुवा ठाण्याला उतरून मागच्या गाडीतल्या दुसऱ्या मंडळात गात असणार. माणसाने घरी काय करावं हा त्याचा प्रश्न, पण दुसऱ्याच्या डब्यात भैरवी म्हणणं याला क्षमा नाही. शेवटी पखवाजावर बसणाऱ्या सुऱ्याला पाळतीवर पाठवायचं ठरलं.

सुऱ्या कोपर गावातला, चौतिशीचा, तोंडाचा फटकळ. आदल्या उन्हाळ्यात त्याच्या पाठीत उजव्या बाजूला अशी कळ आली होती की दिव्याला गाडीतच तो गुडघ्यांवर बसला. कळ पाठीतून जांघेत उतरत होती आणि लघवी लालसर झाली होती. हे त्याने दुसऱ्याच दिवशी सगळ्या डब्याला सांगितलं, तपशिलासकट. मग डब्याने उपचार सुरू केले. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं उपाशीपोटी, बार्ली, गोखरू, धने-जिऱ्याचं पाणी. एकाने “उन्हाळी लागली असेल, सब्जा घे” म्हणून विषय मिटवला. एका तरुणाने बिअर सांगितली आणि ती सोबतीला येऊन पाजण्याचीही तयारी दाखवली. सुऱ्याने कढण प्यायलं, पण आठ दिवसांत डॉक्टरही गाठला. सोनोग्राफीत सहा मिलिमीटरचा खडा दिसला. औषधाने तो पडला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? सुऱ्या म्हणाला, सकाळी घोटभर, कारण गाडीत लागली तर जायचं कुठे? डॉक्टर म्हणाले, तुमच्या मार्गावरचे निम्मे पेशंट मला हेच सांगतात.

रोखू नयेत म्हणून आयुर्वेदाने जे तेरा वेग सांगितले आहेत, त्यांत लघवीचा वेग आहे. मुंबईच्या लोकलने तो नियम सव्वा तासासाठी रद्द केलेला आहे. गाडीत स्वच्छतागृह नाही आणि ते होईल अशी कुणाची अपेक्षाही नाही. माणसं मग पाणीच तोडतात. लघवी घट्ट होते, जळजळते, त्यात क्षार साचून खडे धरतात.

तर सुऱ्या बुवांच्या मागोमाग ठाण्याला उतरला. बुवा जिन्याकडे वळले नाहीत. फलाटावरच्या मुतारीकडे गेले आणि रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली. शेजारी येणारे येत होते, उरकून जात होते, त्यांच्या जागी दुसरे, मग तिसरे. बुवा भिंतीला एक हात टेकून तसेच उभे. मागचा एक जण वैतागून म्हणाला, “ओ काका, झोपलात काय?” बुवांनी मागे न बघता माफी मागितली.

सुऱ्याला सगळं कळलं. तो तिथून निघाला, पुढची गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी मंडळाला एवढंच म्हणाला, “दुसऱ्या मंडळात जात नाहीत. सोडा आता विषय.” स्वतःच्या लघवीचा रंग साऱ्या डब्याला सांगणारा हा पोरगा बुवांना मात्र काही विचारू शकला नाही. मोठ्या माणसाला असलं कसं विचारायचं? या एका अदबीपायी किती मूत्रपिंडं खर्ची पडली असतील!

बुवांचा त्रास दोन वर्षांचा होता. आधी धार बारीक झाली. मग सुरू व्हायला वेळ लागू लागला. मग मध्येच थांबायची, पुन्हा यायची. झाली म्हणून वळावं तर चार थेंब पायजम्यावर. त्यांनी या सगळ्याची व्यवस्था लावली होती. हिशेबनिसाचीच व्यवस्था ती. कोपर ते मस्जिद कुठल्या स्टेशनावर मुतारी कुठल्या टोकाला, कुठली स्वच्छ, कुठे पैसे मागतात, कुठली दुरुस्तीसाठी बंद, सगळं तोंडपाठ. लग्नात ते दाराजवळची खुर्ची धरत. चहा त्यांनी सोडला आणि “ॲसिडिटी” असं कारण दिलं. गडद रंगाच्या पँटी शिवून घेतल्या. एस.टी.ने संगमेश्वरला गावी जायचे, ते कोकण रेल्वेने जाऊ लागले, कारण तिथे डब्यात सोय असते. लोक म्हणत, बुवा आता जरा आरामाने राहतात. मला या हुशारीची भीती वाटते. माणूस आपला दिवस लघवीच्या सोयीने आखू लागला की डॉक्टरकडे जायची वेळ झालेली असते, आणि नेमका तेव्हाच तो नकाशात इतका पारंगत झालेला असतो की त्याला वाटतं, निभतंय.

मुंबईतल्या बायकांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ म्हणून चळवळ उभी केली, मुताऱ्यांचा हिशेब महापालिकेकडे मागितला, चारचौघांत हा शब्द उच्चारला. पुरुषांना मुताऱ्या आयत्या मिळाल्या, त्यामुळे त्यांना या विषयावर तोंड उघडायची सवयच लागली नाही.

घरी वहिनींच्या लक्षात आलं होतं ते रात्रीचं उठणं. एकदा, दोनदा, मग चारदा. त्या म्हणाल्या, “अहो, साखर तपासून घ्या. माझ्या माहेरी सगळ्यांना अशीच सुरुवात झाली.” शंका योग्यच होती. मधुमेहात लघवी जास्त होते, रात्री उठावं लागतं. बुवांनी साखर तपासली. ती ठीक निघाली. तो कागद त्यांनी जपून ठेवला आणि पुढे प्रत्येक वेळी दाखवला: “हे बघ, काही नाही. वयानुसार होतं.” लॅबने रक्तातल्या साखरेबद्दल सांगितलं होतं, बुवांनी ते साऱ्या देहाला लागू करून टाकलं.

वहिनींना न सांगितलेली एक गोष्ट होती. दिवाळीनंतर केव्हा तरी पहाटे जाग आली तेव्हा बुवांची लुंगी ओली होती. स्वप्न नाही, घाई नाही, झोपेतच झालं होतं. त्यांनी अंधारात लुंगी धुतली आणि दोरीवर टाकली. मग हे आठवड्यातून दोनदा होऊ लागलं. वहिनी विचारत, “पहाटेच कशाला धुता? मी टाकते ना मशीनला.” ते म्हणत, “पूजेला बसायचं असतं.” पूजेचा नियम मोठा झाला म्हणून वहिनींना बरंच वाटलं.

आता हे बोलणार तरी कुणाशी? लोकलच्या डब्यात पुरुषांच्या दुखण्याचा उल्लेख एकाच ठिकाणी सापडतो, दारावरच्या स्टिकरवर. ‘गुप्त रोग’, ‘खोई हुई ताकत’, खाली मोबाइल नंबर. बेंबीखालचं काहीही दुखलं की ते त्या स्टिकरच्या खात्यात जमा होतं आणि सरळमार्गी माणूस नजर वळवतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि या अवयवांबद्दल शास्त्रीय भाषेत, कसलाही आडपडदा न ठेवता मराठीत लिहिलं. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. एवढं होऊनही आपल्या डब्याच्या दारावर शेवटी कर्वे टिकले नाहीत, स्टिकर टिकले.

त्या वर्षी दत्तजयंतीला कोपर गावात बुवांचं भजन ठरलं होतं. दोन दिवस आधी त्यांना सर्दी झाली, नाक चोंदलं, घसा बसला. औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी सर्दीची गोळी मागितली, दुकानदाराने दिली. गोळी साधी, आपण सगळेच घेतो. तिच्यात नाक मोकळं करणारं एक औषध असतं आणि शिंका थांबवणारं दुसरं. पहिलं मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळतं, दुसरं मूत्राशयाचा जोर कमी करतं. ज्याची वाट आधीच अरुंद झाली आहे त्याला हे दोन्ही एकाच वेळी नको असतात. बुवांनी सकाळी एक, दुपारी एक आणि भजनाआधी एक गोळी घेतली. आवाज सुटला. भजन रात्री बारापर्यंत रंगलं. मधल्या वेळात ते दोनदा मागच्या अंगणात जाऊन आले, दोन्ही वेळा तसेच परत आले.

घरी येऊन झोपले नाहीत. मोरीत नळ सोडून उभे राहिले, कोमट पाणी ओतून पाहिलं, उकिडवे बसून पाहिलं. ओटीपोट फुगून टणक झालं होतं. अडीच वाजता वहिनींनी दार वाजवलं तेव्हा आतून आवाज आला, “अगं, तुंबलीय.” दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते कुणाला तरी सांगितलं.

मुलाने रिक्षा आणली. रुग्णालय डोंबिवली पूर्वेला. एरवी कोपरच्या उड्डाणपुलावरून पाच मिनिटांत पलीकडे गेले असते, पण पूल धोकादायक ठरवून सप्टेंबरमध्येच बंद केला होता. सगळी वाहतूक ठाकुर्लीच्या पुलावरून. म्हणजे गावाला वळसा, आणि रस्ता डोंबिवलीचा. प्रत्येक खड्ड्याला बुवांच्या तोंडून जो आवाज निघत होता तो मुलाने वडिलांच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, “खडा आहे काय?” मुलगा म्हणाला, “माहीत नाही.” खरंच त्याला काही माहीत नव्हतं.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. बुवांनी तिला पाहिलं आणि ते मुलाकडे वळून म्हणाले, “डॉक्टर कुठे आहेत?”

“मीच आहे, काका. शेवटची लघवी कधी झाली?”

“तू जरा बाहेर जा रे,” बुवा मुलाला म्हणाले. मुलगा गेल्यावर सांगितलं, “दुपारी. तीही थेंब थेंब.”

तिने पोटावर हात ठेवला, बेंबीपर्यंत आलेला फुगवटा चाचपला आणि पुढचं सगळं शांतपणे केलं. जेली लावून नळी सरकवली, पिशवी जोडली. मूत्राशयात साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं. बुवांच्या पिशवीत चौदाशे जमा झालं. बुवा छताकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखत होतं म्हणून नव्हे.

“काका, एवढं एका दिवसात साठत नाही,” ती म्हणाली. “पिशवी बरेच महिने ताणली गेलीय. झोपेत कधी कपडे ओले व्हायचे का?”

बुवा काहीच बोलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं, तेवढ्याच सहज. मग त्यांनी मान हलवली.

“हे आधी सांगितलं असतंत तर फार बरं झालं असतं. बाकी सगळ्यापेक्षा हे महत्त्वाचं होतं. भांडं भरून वाहत होतं, आणि मागे मूत्रपिंडांवर दाब चढत होता.”

सकाळी रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन दोन पॉइंट आठ, म्हणजे जिथे असायला हवं त्याच्या दुपटीहून अधिक. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली. प्रोस्टेट ग्रंथी बासष्ट ग्रॅम. ती साधारण वीस ग्रॅमची असते, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून बसलेली. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत वाढलेली सापडते. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, आणि ही साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, पुढे तिचा कर्करोग होतो असंही नाही. पण दोन्हींची सुरुवातीची लक्षणं सारखी असू शकतात, म्हणून घरबसल्या “वयानुसार” म्हणणं धोक्याचं. फरक डॉक्टरच्या बोटाने, रक्ताच्या पीएसए चाचणीने आणि गरज पडली तर तुकडा तपासून कळतो. बोटाने तपासायचं म्हटल्यावर बुवांसारखे कितीतरी जण दवाखान्याच्या दारातून परत फिरतात. तपासणी अर्ध्या मिनिटाची असते.

पुढची शस्त्रक्रिया सायनला ठरली. महापालिकेच्या त्या रुग्णालयात युरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि बुवांच्या गाडीला सायन स्टेशन रोज लागत होतं, तीस वर्षं. ते नेहमी तिथे भैरवीची तयारी करत असत.

सायनच्या ओपीडीत सुऱ्या बरोबर गेला, कारण मुलाची रजा संपली होती. पायाला लावलेली पिशवी लुंगीखाली, वरून शाल, असे बुवा बाकावर बसले होते. आजूबाजूला त्यांच्यासारखेच पंधरा-वीस जण, प्रत्येकाच्या हातात किंवा पायाशी पिशवी. बुवा सुऱ्याच्या कानात म्हणाले, “एवढे?”

“मला माहीत होतं, बुवा,” सुऱ्या म्हणाला. “ठाण्याला पाहिलं होतं तुम्हाला. श्रावणात.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बुवा… कसं बोलणार?”

“गाढवा,” बुवा म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “मीही.”

आत डॉक्टरांनी एक छापील कागद काढला. सात प्रश्न. पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही असं कितीदा होतं, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, मध्ये थांबून पुन्हा सुरू होते का, आवरणं कठीण जातं का, धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, रात्री कितीदा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, नळी बसायच्या आधीचा महिना आठवून द्यायचे. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. बुवांनी गुण पटापट दिले, बेरीजही स्वतःच केली: सव्वीस. जगभर हीच प्रश्नावली वापरतात. ती घरी बसून पाच मिनिटांत भरता येते. शेवटी एक आठवा प्रश्न असतो, तो बेरजेत धरत नाहीत: उरलेलं आयुष्य हे असंच चालू राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? तिथे बुवांचं पेन थांबलं. त्यांनी तो रकाना रिकामा सोडला.

डॉक्टर डोंबिवलीचेच निघाले. म्हणाले, “कोपरचा पूल बंद केला तेव्हा आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या. पण तो पडायची वाट कुणी बघितली नाही. तपासला, धोका दिसला, वाहतूक थांबवली. तुम्ही मात्र तडे दिसत असताना दोन वर्षं ट्रक सोडत राहिलात. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बहुतेक रात्रीच्या एका गोळीवर भागलं असतं. अशा औषधांनी तिथले स्नायू सैल पडतात, काही दिवसांत फरक जाणवतो. ग्रंथी बारीक करणारी दुसरी औषधं असतात, त्यांना सहा महिने द्यावे लागतात. आता मूत्रपिंडांवर आलंय, आता ऑपरेशनच.”

नळी ठेवूनच तीन आठवडे काढले. क्रिएटिनिन उतरलं. जानेवारीत कमरेत इंजेक्शन देऊन, मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून, आतला अडसर खरवडून काढला. बाहेर टाका नाही. काढलेला भाग तपासायला गेला, त्यात काही वाईट निघालं नाही. दोन-तीन दिवस लाल पाणी, मग गुलाबी, मग नळी निघाली. नंतरचे काही आठवडे जळजळ, वजन उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वीच वहिनींसमोर सांगितलं होतं की यानंतर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाऊ शकतं, त्याने अपाय नाही. वहिनी म्हणाल्या, “ते राहू द्या हो, लुंग्या धुवायला लागणार नाहीत ना?” बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं तर. बुवा लाजतात म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या आणि त्या गप्प आहेत म्हणून बुवा निर्धास्त.

क्रिएटिनिन दीडवर येऊन थांबलं. त्याखाली ते आलं नाही. गेलेलं सगळं परत मिळत नाही. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं, दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत असं बजावलं आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला बोलावलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस बुवा पुन्हा गाडीत चढले. रुमाल टाकलेली खिडकी होतीच. कळवा गेलं, ठाणं आलं, बुवा बसून राहिले. डब्याने त्यांच्याकडे पाहिलं.

“आज काम नाही वाटतं?” कुणीतरी विचारलं.

बुवांनी टाळ मांडीवर ठेवले आणि गौळणीच्या जागी सगळी हकीकत सांगितली. अंगणातली, मोरीतली, रिक्षातली, लुंगीचीही. ठाणे ते भांडुप. नवखे दोघे-तिघे प्रवासी अवघडून मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. सायनच्या बाकावर ऐकलेलं सुऱ्याला राहवेना, तो मध्ये मध्ये भर घालत होता. “लघवीत रक्त दिसलं ना, एकदा जरी, दुखत नसलं तरी जायचं. दुखत नसेल तर आधी जायचं. तंबाखूवाल्यांनी तर धावत. माझं दुखत होतं म्हणून मी वाचलो.” मग म्हणाला, “थंडी वाजून ताप आणि लघवीला आग, मग त्याच दिवशी, उद्यावर नाही.” मग मागे बसलेल्या कॉलेजच्या पोरांकडे वळून, आवाज न उतरवता, “आणि पूसारखं काही गेलं तर स्टिकरवाल्याकडे जाऊ नका. साध्या डॉक्टरकडे जा, आणि जिच्याबरोबर असाल तिलाही औषध द्या.” पोरं नाहूरला उतरून गेली. तिथे उतरायचं होतं की नाही कोण जाणे.

“आणि कमरेचं ते?” बुवांनी आठवण केली.

“हां. कंबर दुखून बैठकीची जागा, पाय बधिर पडले आणि लघवी अडकली तर तासांचा खेळ असतो. सरळ मोठं हॉस्पिटल.”

गौळण त्या दिवशी झालीच नाही. एकदम भैरवी.

त्या रात्री जेवण झाल्यावर बुवांचा फोन वाजला. मंडळातलेच एक जण, वयाने बुवांहून दोन वर्षांनी मोठे, डब्यात हकीकत चालू असताना खिडकीबाहेर बघत बसलेले.

“बुवा, तुमच्या त्या डॉक्टरांचा वार कुठला? माझ्यासाठी नाही, मेहुण्यासाठी विचारतोय.”

बुवांनी वार सांगितला, केसपेपर कुठे काढायचा ते सांगितलं. पाच मिनिटांत दुसरा फोन. त्यांच्याही मेहुण्यालाच होता. तिसऱ्याने शेजाऱ्यासाठी विचारलं. त्यानंतर पहिल्याचाच पुन्हा आला.

“एक विचारायचं राहिलं. सर्दीची गोळी घेतली तर चालते का? मेहुण्याला सर्दी आहे.”

“मनाने घ्यायची नाही. डॉक्टरांना विचारून,” बुवा म्हणाले. “बरं, मेहुण्याला एक विचारा. पहाटे लुंगी ओली असते का?”

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो कुणीतरी कमी केला. दार लावल्याचं ऐकू आलं.

“असते कधी कधी,” ते म्हणाले. मग घाईने, “म्हणजे, त्याची.”

“मग ओपीडीचा वार बघू नका,” बुवा म्हणाले. “उद्या सकाळीच निघा. मी कोपरला फलाटावर थांबतो. मेहुण्याला राहू द्या घरी, तुम्ही या.”